डिझेल गाडीचं इंजिन गरमच होत नाही, काटा मधोमध येत नाही

बागाईतदार | ७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, दीड लिटरचं कॉमन रेल डिझेल, १ लाख ३८ हजार किमी झालेत. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली.

पूर्वी पिंपळगाव बसवंतहून निघालो की ओझर यायच्या आत टेम्परेचरचा काटा मधोमध येऊन बसायचा. आता नाशिक आलं तरी तो मधल्या रेघेच्या दोन घरं खाली असतो. परवा मुंबईला जाताना कसारा घाट उतरलो, तेव्हा तर पार निळ्या पट्टीपाशी जाऊन टेकला. अ‍ॅव्हरेज २० वरून १७ वर आलंय. सकाळी स्टार्ट केली की बराच वेळ पांढरट धूर आणि इंजिनचा खडखडाट.

मला सगळ्यात जास्त लागतंय ते हीटरचं. आईला आठवड्यातून दोनदा पहाटे उपचारांसाठी नाशिकला न्यावं लागतं. निफाड तालुक्यातली जानेवारीची पहाट कशी असते ते द्राक्षवाल्यांना माहीत आहे, मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा वेळी हीटर नुसता गार वारा टाकतो आणि आई दोन शाली गुंडाळून बसते.

गॅरेजमध्ये कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर बदलला, काडीचा फरक पडला नाही. आता म्हणतात, ‘तापत नाही ना? मग चांगलंच आहे, चालवा बिनधास्त.’ मला हे पटत नाही. कुठून सुरुवात करू?

रेवदंड्याचा | ७ जानेवारी, रात्री १०:१५

दादा, तापत नसेल तर काळजी कसली? माझ्या जुन्या डिझेलचा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) मी बारा वर्षांपूर्वी काढूनच टाकलाय. आपल्या हवेत तो लागत नाही. कोकणात कुठे बर्फ पडतो?

मिस्त्री_मिरज | ७ जानेवारी, रात्री ११:०५

मी ३४ वर्षं डिझेलचं काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला मी शिकाऊ असताना सगळीकडे चालायचा, आणि मीही तेव्हा पुष्कळ काढलेत. नंतर तीच इंजिनं झिजून बोअर करायला आली तेव्हा डोळे उघडले. गार इंजिनात पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो नळा) यांचं माप बसत नाही. नोजलमधून आलेलं डिझेल नीट जळत नाही, काही लायनरवर चिकटतं आणि तिथला ऑइलचा पापुद्रा धुऊन नेतं. तेच डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. पाण्याची वाफही ऑइलमधून उडून जात नाही, मग ऑइल कॅपच्या आत लोण्यासारखा थर धरतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंडच आहे, म्हणून तो डिझेल जास्त सोडत राहतो. बागाईतदार, तुमचं अ‍ॅव्हरेज कुठे गेलं त्याचं हे उत्तर.

दुसरं म्हणजे पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला आणखी एक चकती असते. वरचं तोंड उघडलं की ती बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि निम्मं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरतं. अशी गाडी एरवी गार राहते आणि भर उन्हात लोड घेऊन घाट चढताना मात्र उकळते. रेवदंड्याच्या भावांनी हे ध्यानात घ्यावं.

बागाईतदार, आता एकही पार्ट बदलू नका. सेन्सर बदलला तो अंदाजाने बदलला, आधी माप घेतलं नाही. आता मापं घ्या.

पहाटे इंजिन रात्रभर थंड असताना कूलंटच्या बाटलीची पातळी बघा. रेडिएटरला टोपी असेल तर तीही तेव्हाच उघडून बघा, गरम असताना हात लावू नका. पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि खोटं माप देतो, हीटरही गार पडतो. मग ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर कूलंटचं टेम्परेचर बघा. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. आताच्या गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, साधारण पंचाहत्तरपासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच बसून राहतो. तुमचा काटा मध्याच्या खाली दिसतोय, याचा अर्थ प्रकरण बरंच खाली आहे.

स्टार्ट केल्यावर बॉनेट उघडं ठेवून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) दर मिनिटाला हात लावून बघा. पंखा आणि बेल्टपासून शर्टाची बाही, मफलर लांब. चांगल्या गाडीत हा होज बराच वेळ गार राहतो, आणि इंजिन ऐंशी-पंच्याऐंशीला पोचल्यावर मिनिटाभरात चटका देतो. पहिल्यापासूनच कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बंद होत नाहीये. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे खालचा होज तपासायचा. तुमचा कुठे आहे ते आधी बघून घ्या.

तंत्रनिकेतन | ८ जानेवारी, सकाळी ७:३०

मिस्त्री काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो, मी डिप्लोमाच्या मुलांना इंजिन शिकवतो.

डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा थ्रॉटलने अडवलेली असते. डिझेलमध्ये हवा जवळजवळ पूर्ण येते आणि कमीजास्त होतं ते फक्त इंधन. आयडलिंगला इंधन अगदी थेंबभर आणि हवा भरपूर, म्हणून उष्णता फारशी तयारच होत नाही. पहाटे गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून गरम करणारे असतात, त्यात डिझेल जातं आणि इंजिन कोमटसुद्धा होत नाही. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावी.

घाटाचं कारणही यातच आहे. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की नोजल इंधन बंदच करतात. त्या वेळी इंजिन म्हणजे नुसता पंप, गार हवा आत घेतो आणि बाहेर टाकतो. थर्मोस्टॅट घट्ट मिटला असेल तर इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरतं आणि टेम्परेचर पाच-सात डिग्रीच उतरतं. मिटलेला नसेल तर अख्खा रेडिएटर वाऱ्याला उभा राहतो. म्हणून लांब उतार ही या दुखण्याची सगळ्यात सोपी परीक्षा.

सेन्सरची एक खोच सांगून ठेवतो. कूलंट सेन्सर गार असताना जास्त रोध दाखवतो आणि गरम झाला की कमी. पुष्कळ सेन्सर २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास असतात आणि ८० डिग्रीला तीनशे-सव्वातीनशेच्या. आता समजा कपलरच्या (वायरच्या जोडाच्या) पिनेवर हिरवा गंज चढला आणि दीडशे ओहम वाढले. पहाटे अडीच हजारांत दीडशे मिसळले तर कळतही नाही, माप बरोबर वाटतं. गरम इंजिनात मात्र तीनशेचे साडेचारशे होतात, आणि ८० डिग्रीचं पाणी ईसीयूला ६८-७०चं दिसतं. म्हणजे सकाळचं माप जुळलं म्हणून सेन्सरची वायर निर्दोष ठरत नाही. गरम इंजिनावर दुसऱ्या एखाद्या थर्मामीटरने ताडून बघायलाच हवं.

घाटकरी | ८ जानेवारी, दुपारी १:१०

रेडिएटरचा पंखा सतत चालू राहत असेल का? माझ्या गाडीत रिले चिकटला होता, चावी फिरवली की पंखा सुरू.

मिस्त्री_मिरज | ८ जानेवारी, दुपारी २:००

पंखा बघायलाच हवा, पण नुसत्या पंख्याने इंजिन एवढं गार पडत नाही. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पंखा कितीही फिरो, तो रेडिएटरमधलं पाणी गार करेल, आणि ते पाणी आत घ्यायचं की नाही ते थर्मोस्टॅट ठरवेल. सतत पंखा फिरतोय आणि इंजिनही गार पडतंय, तर दोन दुखणी आहेत असं समजा. किंवा सेन्सरची लाइन तुटली असेल. तेव्हा ओबीडीवर उणे ४० दिसतं आणि बहुतेक ईसीयू सुरक्षितता म्हणून पंखा चालूच ठेवतात. जुन्या, इंजिनला जोडलेल्या व्हिस्कस पंख्याच्या गाड्यांत क्लच जाम झाला की विमानासारखा आवाज येतो, तो कळतोच.

बागाईतदार | १० जानेवारी, रात्री ८:२०

मंडळी, मापं घेतली.

काल पहाटे ५:१०, स्टार्ट करायच्या आधी : कूलंट ९ डिग्री, आत येणारी हवा १० डिग्री. बाटलीत पाणी बरोबर दोन रेघांच्या मध्ये.

वरच्या होजला हात लावून उभा राहिलो. तिसऱ्या मिनिटाला ओबीडीवर जेमतेम ३२ होते, तेव्हाच होजचा गारवा मोडला. दहाव्या मिनिटाला चांगला कोमट.

मग नाशिकला गेलो. ओझरला ५७. महामार्गावर ८०च्या वेगाने ६२ ते ६४, त्याच्या वर जाईना. द्वारका चौकात सिग्नलला अडकलो तर हळूहळू ७३ पर्यंत चढलं, आणि मोकळा रस्ता लागला की परत ६५. आज काम होतं म्हणून कसारा उतरलो. वर ६३, खाली ४८.

शेजारच्या कोल्ड स्टोरेजमधून लेझरवाला थर्मामीटर आणला. थर्मोस्टॅटच्या घरावर धरला तर ४१ दाखवतो आणि ओबीडी म्हणते ६३. आता कुणाचं खरं?

तंत्रनिकेतन | १० जानेवारी, रात्री ९:००

घर अ‍ॅल्युमिनियमचं आणि चकचकीत आहे ना? चकचकीत धातूवर तो थर्मामीटर फसतो, नेहमी कमी दाखवतो. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरून माप घ्या.

बागाईतदार | १० जानेवारी, रात्री १०:१०

टेप लावली, गाडी एक चक्कर फिरवून आणली. टेपवर ६१, ओबीडीवर ६३. सर, एका टेपच्या तुकड्याने वीस डिग्री फरक!

मिस्त्री_मिरज | १० जानेवारी, रात्री १०:४०

झालं तर मग. सेन्सर खरं बोलतोय, वायर खरं बोलतेय, इंजिन खरोखर गार आहे. ट्रॅफिकमध्ये वाढतं आणि वाऱ्याला उतरतं, ही खूण पक्की. अजून शंका असेल तर उद्या रेडिएटरच्या पुढे अर्ध्या भागात पुठ्ठा लावून नाशिकला जा, नजर मोबाइलवर ठेवा. टेम्परेचर सरळ चढलं तर पाणी रेडिएटरमधून फिरतंय हे सिद्ध झालं. उत्तरेकडे थंडीत ट्रकवाले असाच पुठ्ठा लावतात. पण परीक्षा झाली की काढा, विसरून उन्हात घाट चढलात तर हेड जाईल.

एक विचारतो. गेल्या वर्षभरात पाण्याच्या लाइनचं काही काम झालं होतं का? पंप, होज, काहीही?

सिक्सवाली_सातारा | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

हा धागा वाचून राहवलं नाही. माझी गाडी २०२१ची, बीएस-सिक्स डिझेल. गेल्या वर्षी डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागायचा. सगळे म्हणाले, ‘ताई, तुम्ही गावातच फिरवता, हायवेला न्या.’ दर रविवारी साताऱ्याहून कराडपर्यंत नेऊन आणत होते. दिवा दोन दिवस जायचा, परत हजर. मग डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं दिसलं आणि मी घाबरले. ऑइल वाढतं कसं?

शेवटी एका शांत स्वभावाच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर पी०१२८ हा कोड साठलेला होता. त्याचा अर्थ, कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय गाडी डीपीएफमधली काजळी जाळायला घेत नाही. माझं कधी पोचायचं, कधी निम्म्यात उतरायचं, आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये जात होतं. थर्मोस्टॅट आणि ऑइल दोन्ही बदललं. तेव्हापासून दिवा नाही. बीएस-सिक्सवाल्यांनी डीपीएफ साफ करण्यावर पैसे घालण्याआधी कूलंटचं माप बघा.

नेकरकाठ | ११ जानेवारी, दुपारी ४:३०

मी स्टुटगार्टला राहतो. इकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हीटरच्या वाटेत विजेवर तापणारी जाळी असते, कारण डिझेलच्या उष्णतेवर केबिन लवकर गरम होत नाही. त्यामुळे दुखणं लपतं. माझ्या गाडीत हीटर उत्तम चालत होता आणि इंजिन ६६च्या वर जात नव्हतं, दोन हिवाळे मला पत्ता नव्हता. बागाईतदार, तुमचा हीटर गार पडला म्हणून तुम्ही लवकर शोधलंत.

बागाईतदार | १४ जानेवारी, सायंकाळी ७:००

आधी सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा.

मिस्त्री काका, तुमच्या प्रश्नाने मला आठवलं. गेल्या मे महिन्यात वॉटर पंप गळत होता म्हणून बदलून घेतला होता. अ‍ॅव्हरेजची डायरी काढून पाहिली, घसरण जूनपासूनच आहे. मेच्या उन्हात आणि पावसाळ्यात काटा कसाबसा रेघेच्या जवळ पोचत असणार, म्हणून लक्षात आलं नाही. थंडीने ते उघडं पाडलं.

पुठ्ठ्याची परीक्षाही केली. ६३ चे ७९ झाले.

आज सकाळी गार इंजिनावर भावाने आणि मी मिळून थर्मोस्टॅटचं घर उघडलं. खाली घमेलं ठेवून कूलंट काढून घेतलं, दोन बोल्ट, आणि थर्मोस्टॅट हातात आला. मला वाटलं होतं स्प्रिंग तुटलेली असेल, गंज असेल. तो तर छान पिवळाधमक, वर ८८ कोरलेलं. उजेडाकडे धरला तर एका बाजूने चंद्रकोरीसारखी फट दिसली. नखाने खरवडलं तर चकतीच्या काठाखालून नारिंगी रबराचा एक धागा निघाला, शेवयीएवढा जाड, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब. गॅस्केटच्या सिलिकॉनचा! पंप बसवताना कडेने भरमसाट सिलिकॉन लावलं असणार, आत गेलेला भाग सुटून पाण्याबरोबर फिरत इथे येऊन अडकला. थर्मोस्टॅट एकदा उघडला आणि पुन्हा पूर्ण मिटलाच नाही.

मग त्याला पातेल्यात घातलं. शिवणाचा दोरा चकतीत धरून टांगला, तळाला टेकू दिला नाही, बाजूला डेअरीतला थर्मामीटर. आईही बघायला येऊन बसली. ८५ पर्यंत काही हललं नाही. ८७-८८ला दोरा सुटून तो पाण्यात पडला, म्हणजे तोंड उघडलं. पाणी उकळायला लागलं तोवर आठ-नऊ मिलिमीटर उघडला होता. बाहेर काढल्यावर सावकाश मिटला, आता उजेड दिसत नाही. म्हणजे थर्मोस्टॅट बिचारा चांगलाच होता. हाच परत बसवू की नवा घालू?

मिस्त्री_मिरज | १४ जानेवारी, रात्री ८:१५

शाबास. पातेल्याची परीक्षा आजकाल कुणी करत नाही.

नवा घाला. आठ महिने त्या धाग्यावर दाबून राहिल्याने रबराच्या कडेला वळ पडलेला असतो, आणि कूलंट काढणं-भरणं दोनदा कशाला. पण ८८चाच घ्या. दुकानदार ‘चालतो’ म्हणून ७१ किंवा ७६चा देईल, माप सारखंच असतं, बसतोही. मग तुम्ही परत इथेच येऊन विचाराल. नवासुद्धा बसवण्याआधी पातेल्यात घालून बघा. चकतीत बारीक हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा, हवा तिथून निघते. नवी रबर रिंग, कोरडी, आणि सिलिकॉन अजिबात नको. जिथे रिंग आहे तिथे सिलिकॉनचं कामच नाही.

बाकीचे तुकडे आत असू शकतात. हीटरचे दोन्ही होज सोडून साध्या नळाच्या पाण्याने, कमी दाबाने, उलट्या दिशेने धुऊन काढा. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, म्हणजे एअर धरत नाही. ऑइलही बदला, त्यात आठ महिन्यांचं डिझेल उतरलंय.

रेवदंड्याचा | १५ जानेवारी, सकाळी १०:००

मिस्त्री काका, दोन दिवस विचार करतोय. मग मी थर्मोस्टॅट परत बसवू का? काढला तेव्हा गाडी तापत होती म्हणून काढला होता.

मिस्त्री_मिरज | १५ जानेवारी, सकाळी ११:२०

बसवा, पण आधी तेव्हा ती का तापत होती ते शोधा. बहुधा रेडिएटर आतून क्षाराने चोक झालाय, किंवा पंपाचं पातं झिजलंय. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालतात, त्याचा हा परिणाम. नुसता थर्मोस्टॅट बसवलात तर ती परत तापेल आणि दोष थर्मोस्टॅटच्या माथी येईल. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, पंप बघा, मग बसवा. मिरजेच्या बाजूला आलात तर गाडी घेऊन या, बघू आपण.

बागाईतदार | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय, कारण दोन टाक्या डिझेल संपेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

नवा ८८चा बसवला. हीटरच्या होजमधून सिलिकॉनचे आणखी दोन बारके तुकडे निघाले. ऑइल काढलं तेव्हा पाण्यासारखं पातळ होतं आणि डिझेलचा वास सरळ येत होता.

पहिल्या दिवशी ओझरला ८२, त्यानंतर ८८ ते ९१ मध्ये स्थिर. वरचा होज आता ८५ पर्यंत गार राहतो आणि मग एका मिनिटात हात ठेववत नाही. कसारा उतरताना खाली ८४. दोन्ही टाक्या फुल-टू-फुल मोजल्या, १९.४ आणि १९.६. पांढरा धूर मिनिटभरात जातो.

हीटर पहिल्या दिवशी कोमटच होता. घराच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून, बाटलीची टोपी उघडी ठेवून गार इंजिन स्टार्ट केलं, तेव्हा बुडबुडे निघाले आणि पाव लिटर पाणी आत गेलं. मग बरोबर झाला.

आज पहाटे आईला घेऊन निघालो, बाहेर ११ डिग्री होते. ओझरचं विमानतळ मागे पडलं तेव्हा आईने शाल काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, एक घर कमी कर, उकडतंय.